मूठभर कोथिंबीर

परवा दुपारी गॅलरीत वाळलेले कपडे काढता काढता कुंडीकडे लक्ष गेलं आणि म्हटलं, गेली ही. चार दिवसांपूर्वी रुंद, कातरलेल्या कडांची पानं होती. आता मधून एक दांडा सरळ वर निघालेला आणि त्याला शेपूच्या वळणावर गेलेली बारीक पानं. ज्यांनी घरी कोथिंबीर लावून पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ही बारीक पानं दिसली की समजायचं, बाईंचं आपल्यातलं लक्ष उडालं. आता तिला फूल हवं, फुलानंतर धने हवेत, आणि मग आवरतं घ्यायचं.

ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की हे ठरलेलंच. कुंडी सावलीत सरकवा, माती ओली ठेवा, दांडा खुडून टाका. फार तर थोडे दिवस पुढे ढकलता येतं. पान हवंय ते आपल्याला. तिला स्वतःला पानाशी तेवढ्यापुरतंच कर्तव्य असतं.

पेरणीचा उद्योग लहानपणी माझ्याकडे असे. आजी जमिनीवर एक सुती फडकं अंथरायची, त्यावर मूठभर धने पसरायची आणि माझ्या हातात पितळी वाटी द्यायची. "दाब आणि फिरव. भुगा नको करूस, नुसत्या दोन फाका व्हायला हव्यात." धने आधी वाटीखालून निसटायचे, गडगडत फडक्याबाहेर जायचे. मग जरा जोर लावला की बारीकसा कट्ट आवाज यायचा. त्या आवाजाचा मला नादच लागला होता. वाटी उचलली की खाली अर्धगोल फाका, पाठीवर उभ्या रेघा आणि आतल्या बाजूला किंचित खोलगट. धना हे बी नसून फळ आहे, आणि त्याच्या पोटात एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया असतात, हे शाळेत कुणी शिकवायच्या आधी त्या वाटीनं शिकवलं. अख्खा धना पेरला तरी उगवतो म्हणा. पण मग एकाच जागी दोन रोपं वर येतात आणि एकमेकांना ढकलत बसतात.

शेजारच्या काकू हेच काम चपलेनं करायच्या. चपलेनं फार झटपट होतं, हे मी आजीला सांगून पाहिलं. "खायची वस्तू पायाखाली?" एवढंच ती म्हणाली. मग तीच वस्तू मातीत पुरायची कशी चालते, हा माझा प्रश्न तिनं ऐकून न ऐकल्यासारखा केला.

रात्रभर भिजवून, बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल पेरलं की आठवडा-दीड आठवडा कुंडीत काहीही घडत नाही. या काळात काडीनं माती उकरून बघायची नसते. पुढे दोन लांबट, साधी पानं येतात, कुठल्याही रोपाची असावीत अशी. खरं पान त्यांच्यानंतर, तेव्हा कुठे ओळख पटते. एकदा रुजलं की ते रोप दुसरीकडे लावायचं म्हटलं तर रुसतं, कारण मूळ सरळ खाली गेलेलं असतं. म्हणून उथळ ताटल्यांमध्ये कोथिंबीर पेरणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आता स्वयंपाकघरात येतो, कारण माझा खरा हट्ट तिथे आहे. कोथिंबीर घालायची तर मूठभर, नाहीतर घालायचीच नाही. वरून भुरभुरलेली चार पानं, किंवा फोटोसाठी वाडग्याच्या मध्यावर ठेवलेलं ते एकटं पान, हा मला दोन्ही बाजूंचा अपमान वाटतो. घालायची ती गॅस बंद केल्यावर, कारण उकळीत तिचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे हिरवा चोथा राहतो. धुतली असेल तर आधी पूर्ण कोरडी होऊ द्यायची, ओली चिरली की तिचा गोळा होतो. चिरायची धारदार सुरीनं आणि एकदाच. बारीक, अजून बारीक, म्हणत तीच सुरी तिच्यावरून फिरवत राहिलं की फळीवर हिरवं पाणी उतरतं. म्हणजे चव फळीला मिळाली, आपल्याला नाही. आणि देठ! देठ खुडून कचऱ्यात टाकणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्याकडे जेवायला जाताना अपेक्षा कमी ठेवून जातो. कोवळ्या देठाला पानाइतकाच, कधी जरा जास्तच, वास असतो. चटणीत तर देठांवाचून जीवच नाही.

तर असं हे तत्त्व एकीकडे आणि कुंडी दुसरीकडे. कुंडीतून एका वेळी निघते ती चिमूट. मूठ काढायची तर कुंडी बोडकी करावी लागेल. यावर मी काढलेला तोडगा असा, की बाजारातून जुडी आणायची, ती वापरायची, आणि कुंडीतली बघायची. "मग ही कापायची कधी?" असं बायको विचारते. मी म्हणतो, "जरा वाढू दे." जरा वाढू दे म्हणता म्हणता दांडा येतो. बाहेरची पानं काढत गेलं आणि मधला कोंब राखला तर रोप काही आठवडे पानं देतं, हे मला पाठ आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे धने पेरत राहावेत, हेही. पाठ असणं वेगळं. स्वतः उगवलेल्या कोथिंबिरीला सुरी लावताना हात आखडतो, आणि विकत आणलेल्या जुडीच्या बाबतीत माझ्याइतका उधळ्या माणूस सापडायचा नाही.

कुंडीचा माझ्यापुरता उपयोग वासाचा. येताजाता एक पान चुरगाळायचं, बोटं नाकाशी न्यायची. हाच वास काहींना साबणासारखा येतो. माझा मामेभाऊ त्यातला. जेवायला आला की ताटाच्या कडेला कोथिंबिरीचा एक छोटा ढीग रचून जातो. आम्ही वर्षानुवर्षं त्याला नखरेल ठरवत होतो. मग २०१२ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची छाननी करणारा एक अभ्यास आला. वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाजवळचा एक फरक या साबणाशी जोडलेला निघाला. पानातली अल्डिहाइडं हे त्याचं मूळ. काही ढेकूणवर्गी किडेही तशाच जातीची रसायनं सोडतात, म्हणजे मामेभाऊ तक्रार करतो ती अगदीच हवेतली नाही. पण जनुकाचा वाटा यात थोडाच, असंही त्याच अभ्यासात होतं. तेव्हा थोडा नखरा शिल्लक आहे, असं मी धरून चालतो.

गंमत म्हणजे याच झाडाचा पिकलेला धना त्याला चालतो. वाळताना पानाचा तो उग्र वास जातो आणि लिनॅलूल या सुवासिक रसायनाचा गोडसर, मोसंबीच्या सालीच्या जवळपासचा वास उरतो. या दोन टोकांच्या मधला हिरवा धना मात्र ज्यानं लावला त्यालाच मिळतो. दातांखाली फोडला की पान आणि धना दोन्ही एकदम तोंडात येतात. दांडा आला म्हणून झाड उपटणारे याला मुकतात. १९२२ मध्ये सापडलेल्या, इजिप्तच्या तुतनखामून राजाच्या थडग्यातही धने होते. बरोबरच आहे, इतक्या लांबच्या प्रवासाला धनेच द्यावे लागतात. कोथिंबीर संध्याकाळपर्यंत मान टाकते.

शेवटची काही वर्षं आजीला वास येत नव्हता. कशाचाच. स्वयंपाकघराचा ताबा मात्र तिनं सोडला नव्हता. वरण उतरवलं की ती कोथिंबिरीचं पान चुरगाळायची, सवयीनं स्वतःच्या नाकाशी न्यायची, आणि मग तीच बोटं माझ्या नाकासमोर धरायची.

"येतोय का रे?"

"येतोय."

"मग घाल. अजून घाल. हात आखडू नकोस."

माझं मूठभराचं तत्त्व बहुधा तिथूनच आलं. म्हणजे ते माप जिला वास येत नव्हता तिचं आहे, आणि मी ते इतकी वर्षं पाकशास्त्र म्हणून लोकांना ऐकवतो आहे. असू दे.