धुकं टिपायचं तर धुक्याबाहेर थांबा

धुक्यात शिरलं की धुकं दिसेनासं होतं. चहूबाजूंनी राखाडी पडदा, दहा पावलांवरचं झाड फिकट, त्यापुढे काहीच नाही. फोटोत धुकं उतरायला दोन गोष्टी लागतात: त्याच्या पुढ्यात काहीतरी गडद आणि त्याच्या पाठीमागून येणारा उजेड. म्हणून उभं राहायची जागा धुक्याच्या काठावर हवी, नाहीतर त्याच्या वर. कोल्हापूरकरांना या दोन्ही जागा घराजवळच मिळाल्यात.

कुठली पहाट धुक्याची, हे आदल्या रात्रीच बऱ्यापैकी कळतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि हवामानाच्या ॲपमध्ये तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक दोन अंशांच्या आत आलेला. ढग असले तर ते पांघरुणासारखं काम करतात, जमीन निवत नाही आणि धुकं धरत नाही. झाडाची पानं हलण्याइतका वारा असेल तर अंथरूण सोडू नका. पंचगंगेच्या खोऱ्यात उसाला पाणी पाजणं सतत चालू असतं, त्यामुळे शिवारात ओल असतेच. त्यात अवकाळी पाऊस पडून गेला असेल, तर त्यानंतरची पहिली निरभ्र रात्र अजिबात सोडायची नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्याला सात वाजून पाच मिनिटांनी. तांबडं फुटायच्या आधी, म्हणजे सव्वासहाला, ट्रायपॉड लावून तयार असायला हवं. आणखी एक: शेतातलं धुकं सूर्य उगवल्यावर लगेच विरत नाही, उलट अर्धा तास जास्त दाट होतं. पहिल्या उन्हानं तळातली हवा ढवळली जाते आणि जमिनीलगतचा थर वर चढतो. साडेसातला सगळं पांढरं झालं म्हणून सामान आवरणाऱ्यांचा खरा फोटो पावणेआठला निसटतो.

पन्हाळ्याचं गणित पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळं असतं. पावसाळ्यात गड ढगात बुडालेला असतो. हिवाळ्यात तो वर कोरडा राहतो आणि धुकं खाली खोऱ्यात साचतं. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा गड 400 मीटरहून अधिक उंच असल्यामुळे हे जमतं. पूर्वेकडच्या तटावरून पाहिलं तर जोतिबाचा डोंगर जवळपास थेट समोर येतो आणि कोल्हापूर शहर आग्नेयेला. डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य पूर्वेपासून 22 ते 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणजे जोतिबाच्या थोडं उजवीकडे आणि शहराच्या डावीकडे. फुलफ्रेम (मोठ्या, 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 70 मिलिमीटरला डोंगर आणि सूर्य एकाच चौकटीत बसतात. 200 मिलिमीटरला दोघांतला एकच निवडावा लागतो, पण धुक्यातून वर आलेल्या झाडांच्या रांगा एकमेकींना चिकटतात आणि थर फार सुंदर दिसतात. रुंद लेन्स इथे बहुतेक वेळा निराशा करते, सगळं बारीक आणि लांब जातं. तटाचे दगड दवानं निसरडे झालेले असतात, तेव्हा अंधारात कडेला जाऊ नका. गड संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या.

पंचगंगा घाटावरचं आणि रंकाळ्यावरचं धुकं म्हणजे खरं तर वाफ. पाणी रात्रभर ऊब धरून ठेवतं, वरची हवा गारठते आणि पाण्यातून वाफ उठते. ती फार उंच जात नाही, ऊन चढलं की लगेच संपते. कॅमेरा तिच्या पातळीला आणायचा, म्हणजे घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर बसायचं. रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूनं शहराकडे तोंड केलं की सूर्य समोर येतो आणि वाफ पेटल्यासारखी दिसते. उलट, चौपाटीवरून पॅलेसकडे पाहिलं तर उजेड तुमच्या पाठीमागून येतो. रंग कोवळे मिळतात, पण वाफ जवळजवळ गायब होते. वाफेचे पदर वेगळे हवे असतील तर शटर 1/125 सेकंदाच्या आसपास ठेवा. दोन-तीन सेकंदांचं ठेवलं तर पाण्यावर कापूस अंथरल्यासारखं होतं. आमच्या मते पदर दिसलेलेच बरे, कारण थंडी त्यांतूनच जाणवते. घाटावर अंघोळीला, धुण्याला, म्हशी घेऊन माणसं येतात. त्यांचा फोटो आधी विचारूनच काढायचा.

गुऱ्हाळांचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. चुलवाणाचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर अचानक आडवा पसरतो, जणू अदृश्य छताला टेकलाय. जमिनीलगत थंड आणि वर तुलनेनं उबदार हवा असल्यामुळे तो त्या थरात अडकतो. पुढ्यात उसाचे तुरे, मागे हा आडवा धूर, त्यामागे डोंगर, असे तीन थर आयते मिळतात.

आता एक्सपोजर. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी समजतो आणि फोटो काळपट काढतो. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) अधिक 2/3 ते अधिक 1 स्टॉप; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ छटांच्या आलेखाचा, उंचवटा मध्याच्या उजवीकडे यावा, पण उजव्या भिंतीला टेकू नये. सूर्य चौकटीत आला की हा नियम मोडतो, तेव्हा एकेक स्टॉपच्या फरकानं तीन फोटो घ्या. ॲपर्चर एफ/8 पुरे. एफ/16 ला सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण सपाट धुक्यावर डागासारखा उठतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर पहाटेचा निळा-गुलाबी रंग धुतला जातो, डेलाइटवर ठेवा. फोटो रॉ मध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) हवेत, जेपेगमध्ये धुक्याच्या हलक्या छटा पुढे संस्करणात पट्टे पट्टे होऊन तुटतात. ऑटोफोकस धुक्यावर पुढे-मागे भटकत राहतो. एखाद्या झाडाच्या गडद कडेवर फोकस घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका.

थंडीत बॅटरी जपायचा जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, तो बर्फाच्या प्रदेशांसाठी आहे. आपल्या 12-14 अंशांत बॅटरी दगा देत नाही, दव देतं. उघड्या आभाळाखाली लेन्सची पुढची काच हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर नकळत थर जमतो. घरी आल्यावर वाटतं, फोकस चुकला. हूड लावा, दर दहा मिनिटांनी टॉर्चनं काच तपासा, दोन कोरडी मायक्रोफायबर कापडं खिशात ठेवा. आकाशदर्शनवाले वापरतात तो यूएसबीवर चालणारा ड्यू हीटरचा, म्हणजे काच किंचित ऊबदार ठेवणारा, पट्टाही लेन्सला गुंडाळता येतो. पावसाळ्यात गाडीत एसी लावून पन्हाळ्याला निघालात तर कॅमेरा डिकीत, बंद बॅगेत ठेवा. थंडगार कॅमेरा दमट हवेत काढला की आतूनबाहेरून धुरकट होतो आणि वीस मिनिटं हातची जातात.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी सीन ऑप्टिमायझर (दृश्य ओळखून फोटो आपोआप सुधारणारी सोय) बंद करावा, तो धुकं म्हणजे दोष समजून खरवडून काढतो. लाइटरूम या फोटो-संस्करणाच्या ॲपमधलं डीहेझही तेच करतं. ते फक्त ब्रशनं, पुढच्या गडद भागापुरतं वापरा आणि मागचे थर फिके राहू द्या.

साडेआठला धुकं उठलं तरी परत फिरू नका. उसाच्या पात्यांमध्ये आणि कुंपणाच्या तारांवर कोळ्यांची जाळी दवानं लगडलेली असतात. उन्हाकडे तोंड करून, मागे सावलीतला गडद भाग धरून, जाळ्याला कॅमेरा समांतर ठेवला तर एफ/5.6 लाही सगळे थेंब स्पष्ट येतात. ऊन तापेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो.