तुम्ही विचारलंत म्हणून: यात विज्ञान कुठे आहे?

'फायरफ्लाय' या अमेरिकन टीव्ही मालिकेचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. नऊ माणसं 'सेरेनिटी' नावाच्या एका खटारा मालवाहू यानात जेवतात, भांडतात, पैशांची चणचण सोसतात. याला विज्ञानकथा कशी म्हणायची? विचारणारे बहुतेक नारळीकर वाचत वाढलेले. तिथे कथेतली विज्ञानाची कल्पना काढली की हातात काही उरत नाही. कबूल. म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगतो.

विज्ञान एका सुट्या पार्टमध्ये आहे.

पहिल्याच भागात यानाची मेकॅनिक कायली कॅप्टन मॅलकडे नवी कॉम्प्रेशन कॉइल मागते. ती गेली तर आपण अधांतरी लटकलो, हेही सांगते. खिशात दमडी नाही, तेव्हा मॅल थट्टेवारी नेतो. आठव्या भागात, 'आउट ऑफ गॅस'मध्ये, त्याच कॉइलचा कॅटलायझर फुटतो. यानावरचा डॉक्टर सायमन, त्याच्या वाढदिवसाचा केक टेबलावर, तेवढ्यात इंजिनरूममधून आगीचा लोळ येतो. मॅलची उजवा हात असलेली झोई कायलीला बाजूला ढकलते आणि स्वतः जबर जखमी होते. मॅल मालखान्याचं दार उघडून आग बाहेरच्या पोकळीत सोडतो. आग जाते, पण श्वासाची हवा पुरवणारी यंत्रणा बंद पडलेली असते. उरतो जेमतेम काही तासांचा प्राणवायू.

यापुढचं सगळं हिशेबाचं आहे. यानाची दोन छोटी शटल, म्हणजे उपयानं, बाकीच्यांना घेऊन दोन विरुद्ध दिशांना. कुणाच्या तरी नजरेस पडायची शक्यता तेवढीच दुप्पट. मॅल एकटा मागे राहतो. एक जहाज येतं, त्यांच्याकडे पार्ट असतो, आणि त्यांचा कॅप्टन मॅलच्या पोटात गोळी घालतो. मॅल पिस्तूल रोखून पार्ट मिळवतो, त्यांना हाकलतो, छातीत अ‍ॅड्रेनलिन टोचून घेतो आणि रक्त सांडत इंजिनरूम गाठतो.

मध्ये मध्ये जुन्या आठवणी पेरलेल्या. कायली या यानावर कशी आली? आधीचा मेकॅनिक हात टेकून बसलेला. ती इंजिनाकडे एकदा बघते आणि सांगते, बिघडलेला पार्ट काढूनच टाका, त्याची गरज नाही. यान सुरू, नोकरी पक्की. एक पार्ट फेकून ती कुटुंबात येते. दुसरा वेळेवर न घेतल्याने ते कुटुंब फुटायची वेळ येते.

आता वाहिनीचा पराक्रम ऐका. मालिका दाखवणाऱ्या फॉक्सने तो पहिला भाग मागे ठेवला. 20 सप्टेंबर 2002 ला दुसऱ्याच भागाने सुरुवात केली. 'आउट ऑफ गॅस' 25 ऑक्टोबरला, आणि कायलीची ताकीद 20 डिसेंबरला! कॉइल फुटल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी. 14 पैकी 11 भाग दाखवून गाशा गुंडाळला. त्यामुळे बघायचं तर 'सेरेनिटी' या दोन तासांच्या भागापासून, निर्मितीच्या क्रमाने. त्याच नावाचा 2005 चा चित्रपट अगदी शेवटी.

पूर्वी मी म्हणायचो, यंत्र निमित्तमात्र, खरी गोष्ट माणसांची. चूक होती. कॉइल काढा, मग मॅलला माणसं दूर धाडायचं कारणच उरत नाही. ही वाद जिंकायची पळवाट आहे असं म्हणाल, तर थोडीशी आहेही. बाकीचं विज्ञान विरळच. अवकाशात आवाज नाही, एवढं पथ्य मात्र पाळलंय. ग्रहांमधली अंतरं कथेच्या सोयीने लांबतात, आखडतात. सगळे चिनीत शिव्या देतात आणि नऊ जणांत चिनी चेहरा एकही नाही. याचा बचाव मी करणार नाही.

आणि तरी 'आउट ऑफ गॅस'चा शेवट. जुनी आठवण, मॅल यान विकत घ्यायला गेलाय. दुकानदार एका जहाजाचे गुण गातोय, मॅलची नजर मात्र पलीकडच्या जुन्या सेरेनिटीवर खिळलेली. कॉइल तेव्हाही कुरकुरत असणार, असं मी म्हणतो. पुरावा नाही.