हनुवटीतली सुई

त्या सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये जाताना मी शिवणाची सुई, थोडं तेल आणि रबराची छोटी चकती सोबत घेतली. देहदान केलेल्या आजोबांना रोजच्यासारखा नमस्कार केला आणि तेल लावलेली सुई हनुवटीत हळूच खुपसली. टोक हाडाला टेकलं, तशी चकती कातडीपर्यंत सरकवली, सुई काढली आणि टोकापासून चकतीपर्यंतचं अंतर पट्टीवर धरलं. हाडावरच्या कातडी-मांसाची जाडी ११ मिलिमीटर. देह टिकवायच्या फॉर्मॅलिनमुळे जाडी बदलते, हेही मुलांना सांगितलं.

जर्मनीतल्या लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस अशीच सुई वापरत. तिथलं योहानिसकिर्शे हे चर्च पाडून नव्याने बांधायचं होतं. प्रसिद्ध संगीतकार बाख १७५० साली तिथल्याच दफनभूमीत पुरले गेले, पण कबरीवर खूण नव्हती. 'दक्षिणेच्या दारापासून सहा पावलं' एवढीच सांगोवांगी. शिवाय पेटी ओकची होती. त्या वर्षीच्या सुमारे १४०० दफनांत ओकच्या पेट्या फक्त १२. ऑक्टोबर १८९४ मध्ये अशी एक पेटी निघाली, आत वयस्कर पुरुषाचा सांगाडा. भिवईवरचं हाड जाड, नाकाचं मूळ खोल, जबडा पुढे आलेला. चित्रकार हाउसमनने काढलेल्या चित्रातल्या बाखसारखंच.

हा बाखच का, हे पाहायला कवटीवर मातीचा चेहरा घडवायचा होता. पण मातीने कुणाचाही चेहरा घडवता येतो, ही शंका रास्तच होती. म्हणून हिसनी मृतदेहांवर, बहुतेक आत्महत्या केलेल्या पुरुषांच्या, ठरावीक ठिकाणची जाडी मोजून सरासरी काढली. शिल्पकार कार्ल सेफनरने त्या मापांत राहून कवटीवर चेहरा चढवला. मला या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मागच्या रांगेतल्या मुलाने विचारलं, "पण मॅडम, सेफनरने चित्र आधी पाहिलं होतं ना?"

मी थांबले. नाकाचा शेंडा, ओठ, कान हाड सांगतच नाही. तिथे त्याचा हात कशाने चालला असेल? मी मुलांना म्हटलं, मापं फक्त एवढंच सांगतात की हा चेहरा या कवटीवर बसू शकतो. पेटी, जागा, वय, हाडांची ठेवण हे सगळं मिळून शक्यता दाट होते. ते अवशेष आज लाइपझिगच्याच थोमासकिर्शे या चर्चमध्ये आहेत, लोक तिथे फुलं वाहतात. मीही वाहीन.

संध्याकाळी मुलांच्या जर्नल वह्या तपासायला घेतल्या. एकीने लिहिलं होतं, 'हिस यांनी बाखची ओळख सिद्ध केली.' मी 'सिद्ध'भोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'जुळली'.