तुम्ही विचारलंत म्हणून : मिठातलं फ्लोराइड आणि बोअरचं पाणी

"मॅडम, मिठात फ्लोराइड घालतात आणि त्याने मुलांची बुद्धी कमी होते म्हणे. मग आम्ही कुठलं मीठ खायचं?"

नाशिकला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. बाटली घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी विचारतात, बाळंतपणासाठी माहेरी आलेली भाची रात्री अकराला मेसेज करते. प्रत्येकीला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे घरच्या मिठात फ्लोराइड घालत नाहीत. नाशिकच्या नळाच्या पाण्यातही घालत नाहीत. मिठात घालतात ते आयोडीन, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. दुकानातून तुमच्या हातात पडताना दशलक्ष भागात निदान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम आहे. फ्लोराइडचं नाव तिथे सापडणार नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही, हेही मान्य करायला हवं. फ्लोराइडचं मीठ जगात खरोखरच विकलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये ते १९५५ पासून आहे, हल्ली किलोला साधारण २५० मिलिग्रॅम फ्लोराइड, दात किडू नयेत म्हणून. फ्रान्स, जर्मनी, कोस्टा रिका, जमैका या देशांनीही पुढे तोच रस्ता धरला. अमेरिकेने मिठाऐवजी पाणी निवडलं. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली नळाच्या पाण्यात फ्लोराइड सोडायला सुरुवात झाली आणि मग देशभर पसरली. आता तिथे त्यावरून मोठा वाद पेटलाय. २०२५ मध्ये युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड घालण्यावर बंदी घातली. तिथले व्हिडिओ मराठी-हिंदी आवाज चढवून आपल्या फोनवर येतात आणि "पाण्यात विष कालवतात" हे वाक्य नाशिकमधल्या आईला आपल्याच नळाबद्दल वाटतं.

या वादात अमेरिकी सरकारच्या ज्या अहवालाचा हवाला सारखा दिला जातो, तो २०२४ चा आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी पिणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक कमी आढळतो, असा संबंध त्यात मध्यम खात्रीने मांडलाय. अमेरिकेत नळाच्या पाण्यात ठेवतात ते ०.७. म्हणजे अहवालाचा मुख्य इशारा ज्या पाण्याला आहे, ते पाणी मुख्यतः त्यांच्या नळाला येतच नाही. ते येतं आपल्या हातपंपांना. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीतूनच १.५ च्या वरचं पाणी निघतं. कुणी काही घातलेलं नसतं. खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं, एवढंच. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, आणि पुष्कळ वर्षं तेच पाणी प्यायलेल्या माणसांची पाठ आणि सांधे आखडून जातात. भारतात या आजाराची, म्हणजे फ्लोरोसिसची, पहिली नोंद १९३७ ची आहे, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातली. इतकी जुनी ही गोष्ट आहे. मिठाच्या पाकिटावर जेवढी चर्चा घडते तिच्या दहाव्या हिश्शाने जरी या हातपंपांवर घडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

आता मिठाकडे परत येते, कारण खरी काळजी मला तिथे वाटते. फ्लोराइडच्या धास्तीने घरंच्या घरं आयोडीनयुक्त मीठ बंद करून रोजच्या स्वयंपाकाला शेंदेलोण वापरू लागली आहेत. उपासाला शेंदेलोण हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते खाणीतून निघून फक्त दळलेलं असतं, आयोडीन त्यात सहसा घातलेलं नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. पोटातल्या बाळाचा मेंदू घडताना थायरॉइडचं संप्रेरक लागतं आणि ते आयोडीनशिवाय बनत नाही. बाळाच्या बुद्धीची काळजी म्हणून आयोडीन बंद करणं, हे किती उफराटं आहे! हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनचं आणि काहींना साधं मीठ पुरवून पाहिलं. आयोडीनच्या गावांतला गलगंड ओसरत गेला. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. आज नाशिकमध्ये मानेला गाठ आलेली मुलगी सहजासहजी दिसत नाही, त्यामागे तेच मीठ आहे.

आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, मिठातलं फ्लोराइड शोधायचंच असेल तर ते पांढऱ्या मिठापेक्षा पादेलोणात शोधावं. फ्लोरोसिसच्या गावांत काम करणारे डॉक्टर तिथल्या लोकांना काळं मीठ, सुपारी आणि कोरा चहा टाळायला सांगतात, कारण या तिन्हींतून फ्लोराइड पोटात जातं. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. नाशिकमध्ये ताकात चिमूटभर पादेलोण घालणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. ज्याच्या पाण्यातच ते जास्त आहे, त्याने मात्र वरची भर टाळावी.

मग नाशिकचं पाणी? महापालिकेचा नळ असेल तर ते गंगापूर, दारणा किंवा मुकणे धरणातलं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस साठवलेला, खडकात वर्षानुवर्षं मुरलेला नव्हे. त्यात फ्लोराइड कमीच असतं. जमिनीखालचं पाणी म्हणाल तर आपल्याकडे काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. या खडकातून पाण्यात कॅल्शियम भरपूर उतरतं, आणि कॅल्शियम असलं की फ्लोराइड त्याच्याशी जोडी जमवून खाली बसतं, पाण्यात फार चढत नाही. चंद्रपूरकडच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत गणित उलटं असतं. नाशिकच्या बोअरमध्ये मला जास्त भेटतं ते क्षारांचं पाणी, द्राक्ष-कांद्याच्या खतांतून आलेलं नायट्रेट, आणि ड्रेनेजजवळच्या विहिरीतले जंतू. तरीही सहाशे-सातशे फूट खोल बोअरचं पाणी पीत असाल, किंवा उन्हाळ्यात टँकर कुठून भरतो हे माहीत नसेल, तर एकदा तपासून घ्याच. खोलातलं पाणी खडकाच्या संगतीत फार काळ राहिलेलं असतं. आपल्या मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

तपासणी कशी होते ते सांगते, कारण लोकांना वाटतं हे काहीतरी गूढ यंत्र आहे. ५० मिलिलिटर पाण्यात आम्ही झिर्कोनियम आणि स्पॅडन्स नावाच्या रंगाचं मिश्रण टाकतो. ते डाळिंबी लाल असतं. फ्लोराइड आलं की ते झिर्कोनियमला रंगापासून ओढून घेतं आणि लाली उतरते. जितकं फ्लोराइड, तितका फिका रंग. शेजारी ठेवलेल्या शुद्ध पाण्याच्या नळीशी ताडून पाहिलं तर फरक डोळ्यांनाही जाणवतो, नेमका आकडा यंत्र देतं. नळाच्या पाण्यातली क्लोरीन आधी मारावी लागते, नाहीतर तीही रंग उडवते आणि बिनफ्लोराइडचं पाणी दोषी ठरतं. घरी किट आणून तपासणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत आणा, काचेच्या नको. बोअर पाच-दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा खळबळून घ्या आणि काठोकाठ भरा. टाकीतलं आणू नका, थेट बोअरचं आणा. जंतूंचीही तपासणी करायची असेल तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच न्या.

आकडा जास्त निघालाच तर पाणी उकळू नका. फ्लोराइड वाफेबरोबर जात नाही, पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. कापडाने गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून किंवा यूव्हीच्या यंत्रातून काढूनही ते जागचं हलत नाही. आरओने बहुतेक निघतं, पण त्यातली मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, जुनी झाली की नीट निघत नाही, म्हणून आरओच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही पाणी तपासा. सक्रिय अल्युमिनाच्या गाळण्याही चालतात. गावपातळीवर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक मापात घालून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली, ती नालगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. घरच्या घरी अंदाजाने तुरटी फिरवणं म्हणजे ती पद्धत नव्हे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरणं. आंघोळीला, धुण्याला तेच बोअर खुशाल वापरा, कातडीतून ते शरीरात जात नाही म्हटलं तरी चालेल.

टूथपेस्टचंही विचारता. तिच्यात फ्लोराइड असतं आणि ते मुद्दाम असतं, आपल्याकडे दशलक्ष भागात कमाल १००० भाग, म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. दाताला वरून लागलेलं ते कीड रोखतं, त्यामुळे मोठ्यांनी सोडायचं कारण नाही. लहान मुलं पेस्ट गिळतात, तो प्रश्न खरा आहे. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि आपण शेजारी उभं राहून थुंकायला लावायचं. दातांवरचे पट्टे हिरड्यांखाली दात घडत असतानाच उमटतात, साधारण आठ वर्षांपर्यंत. मोठेपणी नव्याने येत नाहीत.

सिन्नर, येवला, नांदगावकडून ज्यांचे फोन येतात त्यांना एक सांगायचंय. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. ज्या बोअरचं पाणी अंगणवाडीत आणि शाळेत जातं, ते आधी त्यांच्याकडून तपासून घ्या. किटवर आकडा १ च्या वर दिसला तर तेवढ्यावर थांबू नका, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना पाठवा आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्जासोबत द्या. उत्तराची वाट पाहत असताना शाळेतल्या पोरांसाठी दुसऱ्या विहिरीचं पाणी त्याच दिवशी सुरू करा.