राजगड-तोरणा धारेवर बाण रंगवताना

पाऊस ओसरला की राजगडावरून डोंगराच्या धारेने तोरण्याला चालत जाणारे वाढतात आणि वाट चुकणारेही. म्हणून वाट दाखवणारे बाण रंगवायला ऑक्टोबरात आम्ही सहा जण रंगाचा डबा, तारेचे ब्रश आणि कोयता घेऊन निघालो. वनखात्याच्या आणि गावाच्या कानावर आधीच घातलं होतं, तुम्हीही घाला.

गुंजवणे गावातून चोरदरवाज्याने राजगड, तिथून संजीवनी माची. गडावर डबा उघडायचाच नाही. राजगड संरक्षित स्मारक आहे, तटाला किंवा दरवाज्याला रंगाचा थेंबही लागता कामा नये. माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडून खाली उतरल्यावर काम सुरू.

वाट धारेची, तशी सोपी. चकवतात त्या ढोरवाटा. गुरं चरायला जातात तिथे वाट मळलेली असते, खऱ्या वाटेपेक्षा जास्तच. त्यात कारवी डोक्याएवढी वाढलेली, जुने बाण त्यात बुडालेले. भुतोंड्याच्या डांबरी रस्त्याची खिंड ओलांडून वर चढलो तर आमचाच गेल्या वर्षीचा बाण सरळ दरीकडे बोट दाखवत होता! धोंडा पावसात फिरला होता. काळजात चर्र झालं. कुणी त्यावर विश्वास ठेवून गेलं असतं तर?

जवळ गुरं राखणारे एक मामा होते. म्हणाले, "सुट्या दगडाला मारू नका, कातळाला मारा. दगूड काय, दर पावसाळ्यात फिरतो." तो बाण आम्ही घासून पार काढला. मग शेजारच्या कातळावरचं शेवाळ आणि दगडफूल ब्रशने खरवडलं, फडक्याने पुसलं आणि पांढरा बाण काढला. न खरवडता मारलेला रंग पापुद्र्यासकट निघून येतो. कातळ ओला असेल तर थांबा, घाई करू नका.

बाण कुठे हवा हे आपल्याला कळत नाही, कारण आपल्याला वाट पाठ असते. आमच्यातली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. तिला पुढे ठेवलं. ती जिथे थबकली तिथेच बाण. तोरण्याकडून येणाऱ्यांसाठी मागे वळूनही पाहिलं. झाडाला रंग किंवा खिळा अजिबात नको.

नुसतं चालायला येणार असाल तर राजगडावरून उजाडताच निघा. पाणी माणशी चार लिटर घ्या, धारेवर पाणी मिळेल असा भरवसा धरू नका. पंधरा मिनिटं बाण दिसला नाही तर शेवटच्या बाणापाशी परत या. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून पुण्याची शेवटची एसटी कितीला, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

तोरण्याच्या बुधला माचीच्या चढाआधीचा एक फाटा रंग संपल्यामुळे राहिला. तिथे दरीकडे उतरणारी वाट छान मळलेली दिसते. ती गुरांची आहे, धार सोडू नका. दिवाळीनंतर पुन्हा जाऊन तेवढं पुरं करणार आहोत.