नऊ दिवसांचे डबे

आई ऑपरेशन होऊन घरी आली त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत आमच्या गॅसवर चहाशिवाय काही शिजलेलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आपसांत वार वाटून घेतलेत. सकाळी कुणाची भाजी-भाकरी, रात्री कुणाचा मऊ भात नि मुगाचं वरण. कुठला डबा कुणाचा, ते आता मला झाकणावरून ओळखू येतं.

आज चर्चमधली उपासना झाल्यावर पाळक प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस, घेऊन घरीच आले. आईला बसवत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे तिच्या पलंगाभोवती जमिनीवर बसलो. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "एवढे सगळे तुमचे नातेवाईक का गं?" मी हो म्हणाले. खरंच वाटलं तसं. काकू म्हणाल्या, "मग उद्याच्या पोळ्या माझ्याकडे."

संध्याकाळी औषधं आणायला गेले तेव्हा गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या मनोऱ्यापाशी थांबले. १८९० मध्ये इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं! टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आणि आज काकू नि आमच्या मंडळीतल्या मावशी एकाच पातेल्यातला चहा गाळून घेत होत्या, आईच्या पथ्याचं बोलत.

देवाबद्दल साक्ष द्यायची म्हणजे चर्चच्या सभेत उभं राहून बोलायचं, असं मला लहानपणापासून वाटायचं. या मावशी सभेत कधीच बोलत नाहीत.

आई आत्ताच विचारत होती, परवा कुणाचा वार आहे?