आमची वाटचाल: कौलांच्या ढिगाऱ्यापासून पाणंदीच्या रस्त्यापर्यंत

दापोली-मंडणगड भागात कौलारू छपरं उतरवून पत्रे चढवणं हे आमचं मूळ काम. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीवाडीत फुटक्या मंगलोरी कौलांचे ढीग लागले आणि ती कौलं फोडून खडीसारखी वापरायला आम्ही पाणंदीच्या, बागेतल्या खासगी रस्त्यांकडे वळलो.

सगळं गणित वाहतुकीचं आहे. एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण १५ लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरातून साडेतीन टनांच्या आसपास माल, फोडल्यावर जेमतेम सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कौल फुकट असलं तरी निवड, हमाली आणि क्रशरचं डिझेल फुकट नाही. म्हणून पाडलेलं घर कामापासून खडीच्या खाणीच्या निम्म्या अंतरात असेल तरच कौल घेतो. त्यापुढे सरळ खडी मागवा, असं गिऱ्हाइकाला सांगतो.

अमेरिकेत छपराच्या जुन्या डांबरी शिंगल्स (कौलांसारख्या पातळ पट्ट्या) दळून रस्त्याच्या डांबरी मिश्रणात मिसळतात, तिथे डांबर वाचतं. आपलं कौल उलट डांबर पितं. भाजलेली मातीच ती, वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पाणी सहज शोषते. वरच्या थराच्या खडीला मर्यादा २ टक्क्यांची. वर कौल घातलं तर खडीवरचा डांबराचा पापुद्रा पातळ राहतो आणि कोकणच्या पावसात थर उखडतो. कौलाची जागा खालच्या थरात, तीही काळ्या खडीबरोबर तीस टक्क्यांपर्यंतच.

रिपांचे (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांचे) तुकडे, खिळे, चुना आधी वेगळे काढायचे. क्रशर ४० मिमीवर लावायचा, ४.७५ मिमीखालची भुकटी चाळून टाकायची. माल आदल्या संध्याकाळी भिजवायचा, नाहीतर रोलरच्या वेळी मारलेलं पाणी कौलच पिऊन टाकतं आणि थर बसत नाही. रोलर ८-१० टनी, व्हायब्रेशन बंद. चालू ठेवलं की तुकड्यांच्या कडा फुटून पीठ होतं, आणि पावसात त्या पिठाचा चिखल. थर थेट गटारापर्यंत न्यायचा. साइडपट्टीच्या मातीत कोंडला तर पाणी आतच राहतं.

ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे मात्र क्रशरमध्ये कधीच नाहीत, कितीही स्वस्त पडोत. त्याची धूळ फुप्फुसात बसते. ते ओले करून, अख्खे उतरवून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच जातात, आणि तो खर्च आम्ही दरपत्रकात वेगळ्या ओळीत लावतो.